जांघेतलं भोक बुजवायचं डिव्हाईस घ्यावं का, आणि आप्पांना दुसऱ्याच दिवशी घरी आणावं का?

पत्र थोडक्यात असं आहे. भुसावळच्या एका ताईंनी लिहिलंय. वडील, म्हणजे आप्पा, ६८ वर्षांचे, रावेर तालुक्यात केळीची बाग. शुगर आहे, प्रोस्टेटचा त्रास आहे, कमरेचं जुनं दुखणं आहे. चालताना छाती भरून यायला लागली म्हणून नाशिकला मनगटातून अँजिओग्राफी केली, हृदयाच्या एका नसेत मोठा ब्लॉक निघाला आणि त्यात कॅल्शियम खूप. आता प्लास्टी, म्हणजे ब्लॉक उघडून तिथे स्टेंटची जाळी बसवायचं काम करायचंय आणि डॉक्टर म्हणाले की या वेळी मोठी नळी लागेल, जांघेतून जाऊ. एस्टिमेटच्या कागदावर स्टेंटच्या खाली "क्लोजर डिव्हाईस" अशी वेगळी ओळ आहे, म्हणजे नळी काढल्यावर धमनीला राहिलेलं भोक बंद करायचं साधन, त्याचे वेगळे पैसे. भाऊ म्हणतो, "काकाले वाळूच्या पिशवीवर ठेवलं होतं, त्याले काय झालं? हे सगळे पैसे काढायचे धंदे." ताई म्हणतात पैसे गेले तर जाऊ द्या पण आप्पा लवकर बरे होऊ द्या, जमलं तर दुसऱ्या दिवशीच गाडी करून रावेरला नेऊ, लॉजचा खर्च वाचेल, कटाई तोंडावर आहे आणि आप्पा घरात बसणाऱ्यातले नाहीत. बहीणभावाचं यावरून बोलणं बंद झालंय. आता कोण बरोबर ते सांगा, म्हणतात.

ताई,

आधी सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी-प्लास्टी करतात त्या विभागाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली, हे भोक दाबत बसणं हेच माझं काम होतं, त्यामुळे या विषयावर मला बोलायला आवडतं पण आप्पांच्या नसांचे फोटो मी पाहिलेले नाहीत, तुमच्या डॉक्टरांनी पाहिलेत. तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा.

तुमच्या पत्रात "लवकर बरे" हे चार-पाच वेळा आलंय. माझा प्रश्न एवढाच की नेमकं काय लवकर बरं व्हायला हवंय? कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकाच पिशवीत टाकल्यात. एक म्हणजे जांघेतलं भोक, आणि दुसरं आप्पांचं हृदय. डिव्हाईस फक्त पहिल्याशी संबंधित आहे, आणि त्यातही भोक लवकर भरून येतं असं नाहीच, ते लवकर बंद होतं. बंद होणं आणि भरून येणं यातलं अंतर समजलं की तुमचं आणि भावाचं भांडण अर्धं तिथेच संपेल असं मला वाटतं.

भोक किती मोठं असतं ते बघा. नळीचा नंबर फ्रेंचमध्ये सांगतात, त्याला तिनाने भागलं की मिलिमीटर येतात. ६ फ्रेंचची नळी आतून २ मिलिमीटर, ७ फ्रेंचची साधारण २.३, पण हे आतलं माप झालं, नळीची जाडी धरली तर रक्तवाहिनीला पडलेलं भोक तीन मिलिमीटरच्या आसपास जातं. आणि ही साधी शीर नाही, पायाला रक्त नेणारी मोठी धमनी आहे, प्रत्येक ठोक्याला आतून दाब येतो. मनगटातली धमनीच मुळात दोन-अडीच मिलिमीटरची, म्हणून कॅल्शियम फोडायची मोठी हत्यारं तिथून नेहमी जात नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं कारण खोटं वाटत नाही. तरी एकदा विचारायला हरकत नाही, "मनगटातून जमणारच नाही का?" असं सरळ. कारण मनगटातून जमलं तर हा सगळा डिव्हाईसचा प्रश्नच उरत नाही, हाताला पट्टा बांधतात, दोनेक तासांनी हळूहळू सैल करतात, पेशंट आपल्या पायाने बाथरूमला जातो, रक्तस्रावही कमी होतो. मनगटातून प्लास्टी करायला १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टर किमेनेय यांनी सुरुवात केली आणि आता शक्य असेल तिथे आधी मनगटच बघतात. पण ताई, डॉक्टर नाही म्हणाले तर हट्ट धरू नका, ब्लॉक नीट उघडणं जास्त महत्त्वाचं.

आता तुमच्या काकांचं. रक्त थांबावं म्हणून जांघेवर ठेवलेली त्यांची वाळूची पिशवी मी नाकारत नाही. हाताने दाबून रक्त थांबवणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, आजही चालते. पण भाऊला सांगा की काकांचं रक्त पिशवीने थांबलं नव्हतं, कुणीतरी पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्तच बोटं रोवून उभं होतं म्हणून थांबलं होतं. पिशवी नंतर ठेवतात, तिचा फारसा उपयोग नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी बंदही झालीय. आणि दाबायचं कुठे, तर कातडीवर जिथे भोक दिसतं तिथे नाही, त्याच्या जरा वर, कारण सुई तिरकी गेलेली असते आणि धमनीचं भोक कातडीच्या भोकापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर वर असतं. हे लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

प्लास्टीत अजून एक भानगड असते. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलेलं असतं, त्याचा असर उतरेपर्यंत नळी काढून दाबता येत नाही. म्हणजे तीन-चार तास नळी तशीच जांघेत, पाय सरळ. मग नळी काढून दाबायचं, मग पुढे अजून चार-सहा तास पाय सरळ, नळी मोठी असेल तर जास्त. हिशोब केला तर आप्पा आठ-दहा तास पाठीवर पडून राहणार. डिव्हाईस असलं तर नळी टेबलावरच काढतात, हेपरिन असतानाच, आणि दोन-चार तासांत उठवून बसवतात. डिव्हाईस जे विकत देतं ते हे तास. एवढंच. घरचे दिवस त्याने कमी होत नाहीत.

आणि हेही सांगते की डिव्हाईसने धोका कमी होतो म्हणून घ्या असं जर कुणी म्हणालं तर थोडं सबुरीने घ्या. जर्मनीतला ४,५२४ पेशंटचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला होता, त्यात दाबून थांबवलेले आणि डिव्हाईस लावलेले दोन्ही बाजूंना जांघेचे त्रास साधारण सारखेच निघाले, रक्त थांबायला मात्र डिव्हाईसने १ मिनिट आणि हाताने १० मिनिटं असा फरक होता. तोही नुसत्या अँजिओग्राफीच्या पेशंटचा, ६ फ्रेंच नळीचा. आप्पांची नळी मोठी, औषधं जास्त, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इकडे लावू नका. पण भाऊ जे म्हणतो की "त्याच्याशिवायही होतं" ते खरंच आहे. तो म्हणतो की हा धंदा आहे, ते मात्र बरोबर नाही.

बरं, मग पैसे का द्यायचे? आप्पांसाठी का, ते तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. प्रोस्टेट आणि कंबर! ताई, मी वॉर्डात जे हाल पाहिलेत ते छातीत दुखण्याचे कमी आणि झोपून लघवी न होण्याचे जास्त. आयुष्यभर उभं राहून किंवा उकिडवं बसून लघवी केलेला माणूस, पाठीवर पडलाय, पडद्याच्या पलीकडे दुसऱ्याची बायको बसलीय, हातात प्लास्टिकचं भांडं दिलंय, होत नाही. पोट फुगतं, बीपी चढतं, तो कण्हतो, पाय वाकवतो, जांघेतून रक्त सुरू होतं, मग सिस्टर ओरडते. शेवटी लघवीची नळी घालावी लागते आणि प्रोस्टेटवाल्याला तीही सहज जात नाही. वरून कंबर. दहा तास सरळ पडून राहिलं की चाळिशीतला माणूस रडकुंडीला येतो. म्हणून माझं मत विचाराल तर आप्पांसाठी डिव्हाईस घ्या, डॉक्टरांना धमनी त्यासाठी योग्य वाटली तर. धडधाकट चाळीस वर्षांचा पेशंट असता, नुसती अँजिओग्राफी असती आणि पैशांची ओढाताण असती तर मी भावाच्या बाजूने बोलले असते.

"योग्य वाटली तर" हे मुद्दाम लिहिलं. प्लास्टी झाल्यावर नळीतूनच थोडं औषध सोडून जांघेचा फोटो घेतात. सुई बरोबर जागी लागलीय का, फाट्याजवळ तर नाही, धमनी पुरेशी रुंद आहे का, तिथेही कॅल्शियम साचलंय का, हे बघतात. जमत नसेल तर डिव्हाईस लावत नाहीत आणि लावूही नये. आप्पांना शुगर आहे, हृदयाच्या नसेत कॅल्शियम आहे, म्हणजे जांघेतही निघू शकतं. कधी लावायला घेतात आणि नीट बसत नाही, मग शेवटी हातानेच दाबावं लागतं. म्हणून बिलिंग काउंटरवर आत्ताच विचारा, वापरलं नाही तर ती ओळ बिलातून कमी होणार ना? आणि डिव्हाईसचं नाव, किंमत लिहून घ्या. मेडिक्लेम असेल तर ते त्यात बसतं का हे कंपनीकडून लेखी मागा, आणि महात्मा फुले योजनेतून करत असाल तर वरचे पैसे भरायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. भाऊचा संशय जाईल तो अशाने जाईल, तुमच्या रागावण्याने नाही.

आत काय बसवतात तेही सांगते कारण लोकांना वाटतं की लोखंडाचं काहीतरी आयुष्यभर राहणार. प्रकार बरेच आहेत. अँजिओ-सील म्हणून आहे, त्यात धमनीच्या आतून एक चपटी पट्टी बसते, बाहेरून कोलॅजनचा बोळा, आणि दोन्ही धाग्याने एकमेकांवर ओढलेले, मधे धमनीची भिंत. हे सगळं ६० ते ९० दिवसांत विरघळून जातं. परक्लोज म्हणून आहे, त्यात सरळ टाका घालतात, तो धागा विरघळत नाही, राहतो आणि त्रासही देत नाही. काहींत नुसता जेल असतो, धमनीच्या बाहेर बसतो. एक गोष्ट सहसा कुणी आपणहून सांगत नाही, अँजिओ-सीलमधलं कोलॅजन गायीपासून केलेलं असतं. आपल्याकडे माळकरी घरं आहेत, पूर्ण शाकाहारी घरं आहेत, कुणाचं मन मानणार नसेल किंवा तशी ॲलर्जी असेल तर आधीच बोला, टाक्याचा प्रकार मागता येतो, ऐनवेळी टेबलावर वाद नको. डिव्हाईसबरोबर एक कार्ड मिळतं, ते डिस्चार्जच्या फाइलला लावून ठेवा. पुढच्या तीन महिन्यांत त्याच जांघेतून परत काही करायची वेळ आली तर कुठे सुई घालायची हे डॉक्टरांना त्यावरून ठरवावं लागतं.

ठिबकच्या नळीला भोक पडलं की आपण बूच मारतो आणि मोटार चालू करतो, आप्पांच्या डोक्यात हे असंच असणार. नळी प्लास्टिकची आहे, तिथे बूचच शेवटपर्यंत काम करतं. इथे बूच विरघळणार आहे आणि तोवर धमनीने स्वतःची भिंत जोडून घ्यायची आहे, शुगरवाल्याची ती जरा सावकाश जोडली जाते. म्हणून डिव्हाईस असो नसो, घरचे नियम जवळपास तेच. आठवडाभर चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. केळीचा घड त्याहून कितीतरी जड असतो, म्हणजे कटाईला हात लावायचा नाही, बांधावर खुर्ची टाकून बसायचं आणि व्यापाऱ्याशी भाव करायचा, आप्पा तो तसाही तुमच्यापेक्षा चांगला करतील. मोटरसायकलला किक नाही, ट्रॅक्टरचा क्लच नाही. नदीत, विहिरीत अंघोळ नाही, बादलीने वरून पाणी घेतलं तर चालतं, जागा घासायची नाही, कोरडी ठेवायची. पायजम्याची नाडी बरोबर त्या जागेवर येते, तेव्हा लुंगी बरी.

आणि संडास. हे कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर नीट लिहिलेलं नसतं कारण कार्ड छापणाऱ्याच्या घरी कमोड असतो. भारतीय संडासात उकिडवं बसलं की जांघ पूर्ण दुमडते, वरून कुंथणं, म्हणजे भोकावर आतून-बाहेरून दाब. पहिला आठवडा कमोडच हवा. गावात नसेल तर प्लास्टिकची कमोडची खुर्ची मेडिकल दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. पोट साफ राहील असं बघा, पहिले दोन-तीन दिवस ती तुमची तिखट शेवभाजी आणि वरणबट्टी बाजूला राहू द्या, साधी खिचडी बरी. खोकला, शिंक आली तर जांघेवर हात दाबून धरायचा.

आता दुसऱ्या दिवशी गाडीने रावेर. नाशिकहून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, पाय दुमडून, खड्डे, आणि मधे काही झालं तर धुळ्याच्या अलीकडे-पलीकडे तुम्ही कुणाला फोन करणार? मला नको वाटतं. डॉक्टरांनी सोडलं तरी एक रात्र नाशिकमध्येच काढा, जागा तपासून घ्या, मग निघा. लॉजची एक रात्र इथे वाचवायची नाही ताई, वाचवायचं तर दुसरीकडे वाचवा. आणि गाडीपेक्षा रेल्वे, नाशिकरोडहून भुसावळ साधारण चार तास, लोअर बर्थ घेतली की आडवं होता येतं. भुसावळला उतरायचं आणि आठवडाभर तुमच्याकडेच ठेवायचं. तुमच्याकडे कमोड आहे असं गृहीत धरते, हॉस्पिटलं जवळ आहेत, आणि बाग डोळ्यासमोर नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं असं आप्पा म्हणतील, आपल्याकडची ती पिढी म्हणतेच. तेव्हा हे तुम्ही नका सांगू, भाऊला सांगायला लावा. "आप्पा, इकडे मी बघतो, तुम्ही ताईकडे राहा" हे त्याच्या तोंडून आलं की ऐकतील. तुमच्या भांडणातही त्याला काहीतरी काम मिळेल, आत्ता त्याच्याकडे नाही म्हणण्याशिवाय दुसरं काम नाहीये.

घरी काय बघायचं. निळं-काळं पडणं जवळपास सगळ्यांना होतं, ते मांडीत खाली उतरतं, मग हिरवं-पिवळं होऊन दोन आठवड्यांत जातं, घाबरू नका आणि त्याला तेल लावून चोळू नका, शेकू नका, हळदीचा लेप तर अजिबात नको. छोटी गाठ लागली आणि तशीच राहिली तर ठीक. पण गाठ वाढतेय, किंवा तिच्यावर बोट ठेवलं की ठोके लागतात, तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. पाय गार पडला, पांढरट झाला, बधिर झाला तर थांबायचंच नाही. ताप, जागा लाल, पू, हे चार-सहा दिवसांनीही होऊ शकतं, डिव्हाईस म्हणजे बाहेरची वस्तू आत असते आणि शुगर आहे, म्हणून जरा जास्त लक्ष. आणि एक फसवं लक्षण, रक्त बाहेर न येता आत पोटामागे उतरतं. तेव्हा कमरेत, कुशीत किंवा ओटीपोटात दुखतं, घाम येतो, चक्कर येते. आप्पांची कंबर नेहमीच दुखते म्हणून तुम्ही बाम लावत बसाल, तसं करू नका, कमरेबरोबर चक्कर आणि घाम असेल तर लगेच १०८.

बाहेर रक्त आलंच तर आप्पांना आहे तिथे आडवं करा, कातडीच्या भोकाच्या जरा वर बोटांनी जोरात दाबा, दहा मिनिटं घड्याळ लावून, मधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही. न थांबल्यास दाबतच १०८ बोलवा. धारच लागली असेल तर दहा मिनिटांची वाट न बघता आधी फोन, दाबणं चालूच. हे तुम्ही आणि भाऊ दोघांनी डिस्चार्जच्या आधी सिस्टरकडून हात लावून शिकून घ्या, ती शिकवते, विचारायला लाजू नका.

जांघ निळी दिसली म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत. ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीची दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, ही नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असते, ती चुकली तर स्टेंट बंद पडू शकतो आणि तो जांघेतल्या डागापेक्षा कितीतरी वाईट प्रसंग असतो. कमरेसाठी मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असलं आणून देऊ नका, या गोळ्यांबरोबर ते रक्तस्राव वाढवतं, दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

जायच्या आधी घरी एक करा. आप्पांना ते लघवीचं भांडं आणून द्या आणि दोन-तीन दिवस पलंगावर पाठीवर झोपून लघवी करायची सवय करायला सांगा, दार लावून, कुणी नसताना. चिडतील, करू द्या. डिव्हाईस लावलं तरी दोन-चार तास पडून राहायचंच आहे, आणि पडून असताना उशीवरून मान उचलायची नाही, मान उचलली की पोट ताठ होतं आणि जांघेवर ताण येतो, हेही आत्ताच सांगून ठेवा. प्रोस्टेटची गोळी त्या दिवशी घ्यायची का, शुगरची मेटफॉर्मिन कधी थांबवायची आणि किडनीचा रिपोर्ट बघून परत कधी सुरू करायची, हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या आणि ॲडमिट करताना भाऊच्या हातात द्या, तोच विचारू दे.